दिवे लावले की दिशा सरकते

मामाच्या होडीवर इलेक्ट्रॉनिक होकायंत्र बसवून दिलं, तेव्हा मी जरा फुशारलोच होतो. दिवसा अगदी अचूक. पण रात्री मांडवीच्या मुखातून परतताना तेच यंत्र 12 अंश चुकायचं. म्हणजे किलोमीटरभर जाताना होडी 200 मीटर बाजूला, आणि तिथे वाळूचे पट्टे! जीपीएस होता, पण होडी थांबली किंवा अगदी हळू झाली की तिचं तोंड कुठे वळलंय हे त्याला कळत नाही.

शांत पाण्यात सावकाश गोल फेऱ्या मारून दोनदा कॅलिब्रेशन केलं. रात्री पुन्हा तेच. "तुझं सॉफ्टवेअर काळोख पडला की झोपतं काय रे?" मामाचा टोमणा.

सॉफ्टवेअर निर्दोष होतं. (हे मी घरी अनेकदा सांगितलंय.) शेवटी होडी धक्क्याला बांधून एकेक स्विच दाबत आकड्याकडे बघत बसलो. दिवे लागले, आकडा सरकला. सेन्सरपासून 10 सेंटिमीटरवरून दिव्यांची एक तार जात होती, परतीची तार भलतीकडून. 5 अँपिअरच्या प्रवाहाने तिथे सुमारे 10 मायक्रोटेस्लाचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि आपल्याकडे पृथ्वीचं असतं जेमतेम 40! इंजिनाच्या लोखंडाचा कायमचा परिणाम कॅलिब्रेशन वजा करतं, पण चालू-बंद होणारा कसा करणार? मी तर दोन्ही वेळा दिवसाच फेऱ्या मारल्या होत्या.

दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन दूरून नेल्या. जाणारा आणि परतणारा प्रवाह शेजारी आले की एकमेकांचं क्षेत्र पुसून टाकतात. आता दिवे लावले तरी आकडा हलत नाही.

मोबाइल मात्र मामा अजून सेन्सरशेजारीच ठेवतो.