टायर पंक्चर झाला तर? घरातल्या सगळ्यांनीच शिकून घ्या

दिवाळीच्या सुट्टीत गाडीने गावी जायचं ठरलं की फराळाचे डबे, मुलांचे कपडे, पाण्याच्या बाटल्या, सगळ्याची यादी होते. डिकीच्या तळाशी पडलेल्या जॅककडे मात्र कुणी बघत नाही. तो गंजून अडकला आहे हे कळतं थेट हायवेवर, बाजूने ट्रक सुसाट जात असताना. आणि स्टेपनी बदलणं हे काही फक्त पुरुषांचं काम नाही. योग्य जॅक आणि लांब पाना असेल तर कॉलेजला जाणारी मुलगीही ते करू शकते.

आधी गाडीत स्टेपनी आहे ना, ते बघा. 2020 पासून ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनीशिवाय गाडी विकायला परवानगी आहे. किटने खिळ्याचं लहान भोक बुजतं, पण टायर बाजूने फाटला तर ते कामाचं नाही. स्टेपनी असेल तर तिच्यातली हवा महिन्यातून एकदा तपासा.

कोणता जॅक घ्याल?

गाडीसोबत बहुधा कात्री जॅक मिळतो. हलका, कमी जागेत मावणारा, पण फिरवताना हात भरून येतात. हायड्रॉलिक बॉटल जॅकला ताकद कमी लागते, म्हणून अनेकजण तो हौसेने घेतात. इथेच फसगत होते. टायर बसला की छोटी गाडी आणखी खाली येते आणि उभा बॉटल जॅक तिच्याखाली शिरतच नाही. त्यामुळे विकत घेताना तो किती टन उचलतो एवढंच विचारू नका, बंद असताना त्याची उंची किती तेही मोजा. हॅचबॅक किंवा सेडानला 2 टनांचा जॅक पुरतो, मोठ्या एसयूव्हीला 3 टनांचा घ्या. चाकांचा ट्रॉली जॅक उत्तम, पण वजनदार. तो घरीच बरा.

गाडीबरोबर येणारा आखूड पाना मात्र बदलाच. अधिक चिन्हासारखा चार तोंडांचा पाना घेतलात तर घट्ट नटही सुटतात.

चाक बदलताना

गाडी कडेला, सपाट आणि कडक जमिनीवर घ्या. चारही इंडिकेटर लावा, हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. सगळ्यांना खाली उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा. लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवा. पंक्चर चाकाच्या विरुद्ध टोकाच्या चाकाला दगड लावा.

नट आधी थोडे सैल करायचे, मग गाडी उचलायची. उचलल्यावर जोर लावला तर चाक गरगर फिरतं आणि गाडी जॅकवरून घसरू शकते. जॅक कुठे लावायचा याची जागा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेली असते, भलतीकडे लावला तर पत्रा दबतो. जॅकवरच्या गाडीखाली हात किंवा डोकं घालू नका, अगदी घरंगळलेला नट काढायलाही नाही. नवं चाक बसवताना नट समोरासमोरचे आवळा आणि गाडी खाली आल्यावर पुन्हा घट्ट करा.

एक्सप्रेसवेवर उजवीकडचं चाक बसलं असेल तर स्वतः बदलायला जाऊ नका, कारण तुमची पाठ धावत्या गाड्यांकडे असेल. कठड्यापलीकडे थांबा आणि मदत मागवा. राष्ट्रीय महामार्गावर 1033, इतरत्र 112.

स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान असेल तर तिच्यावर लिहिलेल्या वेगाच्या पुढे जाऊ नका, बहुधा तो ताशी 80 किमी असतो. वाटेतल्या पहिल्याच पंक्चरवाल्याकडे थांबून मूळ टायर दुरुस्त करून घ्या.