मोजलेली दाद

माझी भाची पेशीजीवशास्त्रात पीएच.डी. झाली आहे. मध्यंतरी ती एका संस्थेत नोकरीसाठी अर्ज भरत होती. मी शेजारी बसलो होतो, मदतीला नव्हे, नुसता सोबतीला. फॉर्ममध्ये एक चौकट होती, 'एच-इंडेक्स'. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "मामू, मुशायऱ्यात तुम्हाला दाद मिळते ना, तसंच. फक्त इथं ती मोजतात."

मी बी.ए. झालेला, कवितेत रमलेला माणूस. तरी तिनं मला समजेल असं सांगितलं. संशोधक लेख छापतो. पुढं दुसरा कुणी त्या कामाचा आधार घेतो, तेव्हा आपल्या लेखाच्या शेवटी पहिल्याचा उल्लेख करतो. हा उल्लेख म्हणजे सायटेशन. युजीन गारफिल्ड या अमेरिकन गृहस्थांनी 1964 साली अशा उल्लेखांची सूचीच छापायला सुरुवात केली. मग 2005 साली हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं एक सोपा हिशेब मांडला. तुमच्या 20 लेखांचा प्रत्येकी किमान 20 वेळा उल्लेख झाला असेल, तर तुमचा एच-इंडेक्स 20. भाचीचा निघाला 6. तिनं तो आकडा लिहिला आणि जरा वेळ गप्प बसली.

मग तिनंच मला योशिनोरी ओसुमी यांची गोष्ट सांगितली. या जपानी संशोधकाला टोकियो विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा मिळाली ती 1988 साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. पाव फुगवणारं यीस्ट आपल्याला माहीत असतं. त्याच्या पेशीत रिक्तिका नावाची एक पिशवी असते. तेव्हा बहुतेक जण तिला पेशीची कचराकुंडी समजत. ओसुमी तिच्याच मागं लागले. पचवणारी विकरं नसलेलं यीस्ट त्यांनी उपाशी ठेवलं आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. काही तासांत रिक्तिकेत बारीक गोळे जमले आणि नाचू लागले. उपाशी पेशी स्वतःचेच तुकडे पिशवीत घालून पचवायला पाठवत होती, पण पचवणारं कुणी नसल्यामुळं ते तसेच साठून दिसत होते. (न पचलेलं दिसतं, हे कवीला वेगळं सांगायला नको!)

या क्रियेला ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, हे नाव बेल्जियमच्या ख्रिस्तियान द द्यूव यांनी 1963 सालीच दिलं होतं. पण ती चालते कशी, हे कळलेलं नव्हतं. ओसुमींचं निरीक्षण 1992 साली छापून आलं. पुढच्याच वर्षी मिकी त्सुकादा या विद्यार्थिनीबरोबरचा लेख आला. हजारो बिघडलेली यीस्टं तपासून त्यांनी या क्रियेला लागणारी पंधरा जनुकं वेगळी काढली होती. लेख आला तो फार गाजावाजा नसलेल्या, छोटे लेख छापणाऱ्या नियतकालिकात.

काम सुरू केलं तेव्हा या विषयावर जगभरात वर्षाला विसाच्या आत लेख निघत, असं ओसुमींनीच पुढं सांगितलं. उल्लेख करणारेच नाहीत, तर उल्लेख येणार कुठून? पुढं तीच जनुकं माणसातही सापडली. कर्करोग, मेंदूचे आजार यांच्या अभ्यासात हा विषय आला आणि वर्षाला पाच हजारांवर लेख निघू लागले. 2016 साली ओसुमींना एकट्यांना नोबेल मिळालं. ते दोन जुने लेख आता ढिगानं उद्धृत होतात. 1994 साली कुणी हा आकडा विचारला असता, तर काय कळलं असतं?

उलटंही घडतं. आजवर सर्वाधिक उल्लेख झालेला लेख ऑलिव्हर लॉरी यांचा, 1951 सालचा. 2014पर्यंत तीन लाखांवर उल्लेख! त्यात काय आहे? प्रथिनं किती आहेत, हे मोजायची एक पद्धत. प्रत्येक प्रयोगशाळेला ती लागे, म्हणून प्रत्येक जण लॉरींचं नाव लिही. उपयोग मोठाच, पण तो शोध ओसुमींच्या जातीचा नव्हे.

गंमत अशी, की या मोजणीविरुद्ध आवाज उठला तो पेशीजीवशास्त्रातूनच. डिसेंबर 2012मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकन पेशीजीवशास्त्र संघटनेच्या अधिवेशनावेळी काही संपादक-प्रकाशक एकत्र बसले. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून त्यातल्या लेखाची किंवा लेखकाची किंमत ठरवू नका, असं घोषणापत्र त्यातून निघालं. नंतर हजारो संस्थांनी त्यावर सही केली.

भाचीला मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. मी विचारलं, "सहामुळं का?" ती म्हणाली, "कारण कळवत नाहीत, मामू." सध्या ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेत हंगामी काम करते. तिथंही यीस्टच आहे.