मॅस्टोडॉन : एक निराळी चावडी

फेसबुक आणि व्हॉट्सअॅप आता खेड्यापाड्यांत पोचले आहे. मॅस्टोडॉनचे नाव मात्र थोड्यांनीच ऐकले असेल. गेले पंधरा दिवस मी ते वापरून पाहत आहे. ते कसे आहे, ते आज सांगतो.

मॅस्टोडॉन हा हत्तीसारखा एक प्राणी होता. तो आता पृथ्वीवर उरलेला नाही. जर्मनीतील यूजेन रोचको या तरुणाने २०१६ साली ही चावडी सुरू केली आणि तिला हे नाव दिले.

फेसबुक म्हणजे एका मालकाचा मोठा वाडा. साऱ्यांनी त्याच वाड्यात जमायचे. येथे तसे नाही. येथे हजारो लहान वाड्या आहेत. प्रत्येक वाडीचा संगणक निराळा, चालवणारा निराळा, नियमही निराळे. आपण आपली वाडी निवडायची. पण एका वाडीचा माणूस दुसऱ्या वाडीतल्या माणसाशी बोलू शकतो. टपालाचे असेच आहे ना? पोस्ट आपल्या गावचे, पण पत्र नागपूरला जाते. म्हणून येथला पत्ताही तसाच. आधी माणसाचे नाव, मग वाडीचे.

नाव घालताना ई-मेल लागला. फोन नंबर कोणी विचारला नाही. हे मला बरे वाटले.

पहिल्या दिवशी पान अगदी कोरे! फेसबुक आपण होऊन लग्नाचे फोटो, भांडणे, जाहिराती पुढ्यात आणून टाकते. येथे ज्याचे लेखन हवे, त्याला आपणच शोधायचे. मग त्याने लिहिलेले किंवा पुढे धाडलेले दिसते. नवे वर, जुने खाली. जाहिरात एकही नाही. खर्च बहुतेक ठिकाणी देणग्यांतून चालतो. एका वेळी ५०० अक्षरे लिहिता येतात. आपल्याला तेवढी पुष्कळ झाली. बोलघेवड्यांनाच ती अपुरी पडतील!

आणखी एक रीत पाहिली. फोटो टाकला की त्यात काय आहे, ते पुष्कळ जण शब्दांत लिहितात. आंधळ्या माणसाचा फोन ते शब्द त्याला वाचून दाखवतो. इतकी वर्षे मी शाळेत तक्ते टांगले, पण अशी सोय पाहिली नव्हती.

मराठी अक्षरे नीट उमटतात. मराठी माणसे मात्र थोडीच भेटली. कांद्याचा भाव येथे शोधू नका.

आता जपायचे काय ते ऐका. येथे खाजगी निरोप धाडता येतो. पण वाडी चालवणाऱ्याला तो वाचता येऊ शकतो. तो बंद पाकीट नव्हे, पोस्टकार्ड आहे असे समजा. ओटीपी, आधार नंबर, बँकेचा नंबर त्यात कधीही लिहू नका.

दुसरे असे. आपल्या देशात 'कू' नावाची चावडी २०२० साली निघाली होती. तीत मराठीही होती. २०२४ च्या जुलैत मालकांनी ती बंद करत असल्याचे जाहीर केले. मॅस्टोडॉनची एखादी वाडीही बंद पडू शकते. ती चालू असेपर्यंत दुसऱ्या वाडीत बिऱ्हाड हलवता येते. आपले वाचणारे मागोमाग येतात. लिहिलेले मात्र जुन्या जागीच राहते. म्हणून जे ठेवावेसे वाटते, ते मी वहीत उतरून घेतो.

फेसबुक मी सोडलेले नाही. भाऊबंद सगळे तिकडेच आहेत. संध्याकाळी अर्धा तास मात्र इकडे येतो.