धंतोलीतील शेजारधर्म

१८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाली आणि कचेऱ्या, न्यायालये व रेल्वे यांच्या मागोमाग नाना भाषांची माणसे या शहरात आली. धंतोली ही त्या सरमिसळीतून घडलेली वस्ती. मराठी वकील-प्राध्यापक, बंगाली कुटुंबे, जवळच्या सीताबर्डी बाजारपेठेशी नाते असलेले व्यापारी असे सर्वच येथे नांदले. बंगाली समाजाची दुर्गापूजा येथे होते. १९२८ साली स्थापन झालेला रामकृष्ण मठही येथेच आहे. मठाची परंपरा बंगालची. तथापि त्याने मराठी आपलीशी केली, ग्रंथ मराठीत काढले, ‘जीवन-विकास’ हे मासिक चालविले, ग्रंथालय व दवाखाना सर्वांसाठी उघडला. बाहेरून आलेली संस्था गावाची कशी होते, हे व्यापारी कुळांनी अवश्य पाहावे. त्यांचे पूर्वजही पेढीसाठी मुलूख सोडूनच आले होते.

पुढे बंगल्यांच्या जागी रुग्णालये उभी राहिली. अरुंद रस्त्यांवर मोटारी, रुग्णवाहिका व हातगाड्यांची दाटी झाली. तुंबलेला रस्ता कोणाची जात वा मातृभाषा विचारीत नाही. अखेर धंतोली नागरिक मंडळाने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल केली आणि वाहनतळ व वाहतुकीचा प्रश्न महानगरपालिका, पोलीस व रुग्णालये यांच्यापुढे आला. घरोघरीच्या कुरबुरीपेक्षा ही एकजूट निश्चितच मोलाची.

मात्र या वादात एक पक्ष उभाच राहत नाही. गडचिरोली, यवतमाळ वा छिंदवाड्याहून रुग्णाला घेऊन आलेला नातेवाईक दोन-चार रात्री रुग्णालयाच्या पायऱ्यांवर काढतो. तो मंडळाचा सभासद नसतो. औषधविक्रेत्याच्या वहीत तो जमेच्या बाजूस, रहिवाशाच्या तक्रारीत मात्र नावे! वास्तविक दोघांचाही तो शेजारी आहे, मुक्काम अल्प असला तरी.

धर्मशाळा व पाणपोई यांची सवय ज्या घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागू नये. धंतोलीत आज अडचण पैशाची नाही, जागेची आहे. वाहनांसाठी मंजूर झालेले तळघर भाड्याने न देता मोकळे ठेवणे, दुकानापुढची फरसबंदी अडवू न देणे, समाजाच्या भवनातील रिकाम्या खोल्या परगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांना, जात न विचारता, रात्रीपुरत्या देणे, यांपैकी कशासाठीही न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. भाड्याचे उत्पन्न थोडे घटेल, एवढेच.