शिकारी श्वानांतील स्फोटध्वनीची भीती : स्वरूप व निवारण

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील कारवानी व मुधोळ श्वानांची शिकार बंदुकीवर नव्हे, तर दृष्टी व वेग यांवर आधारलेली असे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांची शिकार सर्वसाधारणतः निषिद्ध आहे. तथापि पुणे शहरात पाळलेल्या अशा श्वानांना दिवाळीत फटाक्यांच्या स्फोटध्वनीस सामोरे जावेच लागते.

ही भीती म्हणजे जातीचा दोष नव्हे. अनेकदा आवाज व संकट यांचे मनात जुळलेले ते साहचर्य असते. पाव्हलॉव्ह यांच्या अभिसंधान तत्त्वाच्या आधारे ते बदलता येते.

याकरिता दिवाळीपूर्वी काही आठवडे फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अत्यंत मंद ऐकवावा व पाठोपाठ आवडते खाद्य द्यावे. श्वान निश्चिंतपणे खात असेल तरच आवाज किंचित वाढवावा. शेपूट पोटाखाली घेणे, धापा टाकणे वा अन्न नाकारणे ही लक्षणे दिसताच मागील पातळीवर परतावे. सवय व्हावी म्हणून फटाक्यांजवळ बांधून ठेवल्यास भीती अधिकच दृढ होण्याचा धोका असतो. प्रत्यक्ष दिवाळीत सराव थांबवून आतील खोलीत आसरा द्यावा. भीती तीव्र असल्यास पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

सारांश, सरावाची गती मालकाच्या घाईने नव्हे, तर श्वानाच्या प्रतिसादाने ठरावी.