कॅमेऱ्याचे वय कशावरून मोजावे?

छायाचित्रणाचा छंद जडलेल्या, किंवा त्याच कलेवर चरितार्थ चालविणाऱ्या माणसापुढे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच, की हाताशी असलेल्या रकमेत काही वर्षांपूर्वीची नामांकित बॉडी घ्यावी, की पदरमोड करून तिच्या पुढच्या पिढीची घ्यावी. आणि या प्रश्नाचा निकाल बहुधा दुकानदार, जाहिरात आणि मित्रमंडळी यांच्यावर सोपविला जात असल्यामुळे विचारणाऱ्याच्या खऱ्या प्रयोजनाचा विचार त्यात क्वचितच होतो. माझे मत असे आहे की कॅमेऱ्याचे वय त्याच्या निर्मितीच्या सालावरून मोजू नये. जी छायाचित्रे आपल्याला हवी होती, पण केवळ यंत्राच्या मर्यादेमुळे हुकली, त्यांच्यावरून ते मोजावे. अशी छायाचित्रे आपल्या संग्रही फारशी नसतील, तर ते यंत्र निदान आपल्यापुरते तरी जुने झालेले नाही.

ही गोष्ट नीट ध्यानात यावी म्हणून दोन विशिष्ट बॉडी समोरासमोर ठेवून पाहू. निकॉनची डी ७५० ही २०१४ साली आली आणि झेड ६ ही २०१८ साली. पहिली आरसा असलेली, म्हणजे डीएसएलआर, आणि दुसरी मिररलेस. दोहोंचा सेन्सर फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, आणि दोहोंचे मेगापिक्सेलही चोवीसच. सेन्सरचा आकार आणि मेगापिक्सेलचा आकडा असे सारखेच असल्यामुळे, पिढी बदलली म्हणजे नेमके काय बदलते याची शहानिशा या जोडीवरून चांगली करता येते.

सामान्य ग्राहकाची पहिली अपेक्षा अशी असते की नव्या बॉडीचे चित्र अंधारात अधिक स्वच्छ येईल. झेड ६ मधील सेन्सरची रचना अधिक प्रगत आहे हे खरे; परंतु दोहोंच्या चित्रांतील तफावत घरच्या छपाईत क्वचितच नजरेस येते, आणि याचे कारण प्रकाशाच्या स्वभावातच आहे. प्रकाश कणाकणाने येतो. एका पिक्सेलवर सरासरी १०० कण पडत असतील, तर त्यांच्या संख्येत सुमारे १० चा, म्हणजे दहा टक्क्यांचा चढउतार निसर्गतःच होतो. १०,००० कण पडले, तर चढउतार १०० चा, म्हणजे अवघ्या एका टक्क्याचा राहतो. अंधाऱ्या चित्रात जी कणीदार खळबळ दिसते, तिचा मोठा भाग हा असा कमी प्रकाशाचा परिणाम असतो आणि कोणत्याही कारखान्याला तो यंत्रातून हद्दपार करता येत नाही. अधिक प्रकाश आत घेणे हाच त्यावरचा खरा उपाय, आणि ते काम लेन्सचे आहे. एफ ३.५ च्या झूम लेन्सऐवजी एफ १.८ ची लेन्स लावली तर सुमारे पावणेचार पट प्रकाश आत येतो. म्हणून मंगल कार्यालयातली चित्रे काळवंडतात अशी तक्रार असलेल्याने बॉडी बदलण्यापूर्वी लेन्सची तजवीज करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

मेगापिक्सेलच्या बाबतीतही हिशेब असाच करावा. १२ चे २४ मेगापिक्सेल झाले तरी चित्राची लांबी व रुंदी दुप्पट होत नाही, दोन्ही १.४ पटींनीच वाढतात. २००८ सालच्या डी ९० चे बारा मेगापिक्सेलचे चित्र ४२८८ बाय २८४८ बिंदूंचे असते, म्हणजे इंचाला ३०० बिंदू या उत्तम दर्जाने छापले तरी ते चौदा इंचांहून लांब आणि नऊ इंचांहून रुंद होते. ज्याची चित्रे मोबाइलच्या पडद्यावर पाहिली जातात आणि फार तर घरच्या अल्बमात लागतात, त्याची गरज हे जुने यंत्र आजही पूर्णपणे भागवू शकते.

मग नव्या पिढीचे खरे सामर्थ्य कोठे आहे? माझ्या मते ते मुख्यतः फोकसमध्ये आहे. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेल्या प्रकाशाचा एक अंश मुख्य आरशामागच्या छोट्या आरशावरून खाली वळतो आणि तळाशी बसविलेला स्वतंत्र संवेदक फोकस ठरवितो. चित्र उमटते सेन्सरवर, परंतु मोजमाप होते दुसऱ्याच ठिकाणी. आणि या दोन मार्गांच्या लांबीत केसाएवढा फरक पडला तरी तो चित्रात उतरतो. ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर ठेवून दोन मीटरवरच्या माणसाचे व्यक्तिचित्र घेतले, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटर खोल असतो. तो थोडा मागे सरकला की कान रेखीव दिसतात आणि डोळे पुसट होतात. डी ७५० मध्ये ही चूक प्रत्येक लेन्सगणिक जुळवून घेण्याची सोय आहे, परंतु ते चिकाटीचे काम आहे. शिवाय तिचे ५१ फोकस बिंदू चौकटीच्या मध्यभागी एकवटलेले आहेत. झेड ६ मध्ये फोकस प्रत्यक्ष सेन्सरवरच मोजला जातो, तिचे २७३ बिंदू चौकटीचा बहुतेक भाग व्यापतात, आणि २०१९ च्या फर्मवेअरनंतर ती माणसाचा डोळा स्वतःच शोधून त्यावर फोकस धरून ठेवते. धावत्या मुलांची किंवा मंचावर वावरणाऱ्या नटाची चित्रे घेणाऱ्याला हा लाभ पहिल्याच दिवशी जाणवतो.

दुसरा लाभ निःशब्दतेचा. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत विलंबित ख्याल रंगात आला असताना आरशाचा खटका हा श्रोत्यांचाही अपराध आणि गायकाचाही. मिररलेस बॉडी इलेक्ट्रॉनिक शटरवर अगदी मुकाट काम करते. मात्र येथे सावधगिरी हवी. झेड ६ चा सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि त्याला सेकंदाचा सुमारे विसावा भाग लागतो. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. म्हणजे एका वाचनात पाच लुकलुकाटे येतात आणि चित्रावर आडवे काळसर पट्टे उमटतात. अशा दिव्यांखाली शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवले तर पट्टे बहुधा नाहीसे होतात. न झाल्यास यांत्रिक शटरच वापरावे.

लाभांच्या यादीबरोबर खर्चाची बाजूही मांडली पाहिजे. ज्यांच्याकडे निकॉनच्या जुन्या लेन्स आहेत, त्यांना झेड ६ बरोबर अडॅप्टर घ्यावा लागतो, आणि त्या अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही. आपल्याकडे विद्यार्थ्यांपासून व्यावसायिकांपर्यंत अनेकांनी वापरलेली ५० मिलिमीटर एफ १.८ डी ही लेन्स बॉडीतल्या मोटरवर चालते. डी ७५० वर तिचा ऑटोफोकस उत्तम चालतो, झेड ६ वर मात्र फोकस हातानेच जुळवावा लागतो. वजनाचीही तीच कथा आहे. बॅटरी व कार्डासह डी ७५० भरते ८४० ग्रॅम आणि झेड ६ भरते ६७५. पण १३५ ग्रॅमचा अडॅप्टर चढविला की ८१० ग्रॅम होतात आणि हलकेपणाचा मोठा गाजावाजा तीस ग्रॅमवर येऊन थांबतो. प्रमाणित चाचणीनुसार एका बॅटरीवर डी ७५० सुमारे १२३० चित्रे घेते, झेड ६ सुमारे ३१०; प्रत्यक्षात दोन्ही अधिक घेतात, पण दिवसभराच्या लग्नसमारंभाला मिररलेससाठी जादा बॅटऱ्या जवळ बाळगणे अपरिहार्य असते.

जुनी बॉडी घेण्याचे ठरले, तर मुंबईच्या फोर्टातील बोरा बाजारात घ्या की ओळखीच्या माणसाकडून, खातरजमा स्वतः करावी. शटर काउंट, म्हणजे शटरच्या आजवरच्या उघडझापांचा आकडा, मागावा. डी ७५० चे शटर १,५०,००० आणि झेड ६ चे २,००,००० उघडझापांपर्यंत तपासलेले आहे. एफ १६ वर निरभ्र आकाशाचे एक चित्र घेतले की सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते, आणि लेन्सवर झाकण ठेवून घेतलेल्या चित्रात बिघडलेले पिक्सेल तेजस्वी बिंदूंसारखे चमकतात. पकडीचे रबर सैल झाले आहे का, मूळ बिल व त्यावरचा क्रमांक जुळतो का, हेही पाहावे. डी ७५० च्या काही नगांच्या शटरमध्ये दोष आढळल्याने कंपनीने ते विनामूल्य दुरुस्त करून दिले होते. म्हणून आपला नग त्यांपैकी होता का आणि त्याची दुरुस्ती झाली का, हे विचारून घ्यावे. निकॉनने २०२० नंतर एकही नवी डीएसएलआर आणलेली नाही, याचाही विचार करावा. जो दहा वर्षांचा बेत आखून लेन्स जमवू पाहतो, त्याने पैसा नव्या मार्गात गुंतविणेच योग्य.

तेव्हा निर्णयापूर्वी एक संध्याकाळ काढून गेल्या वर्षभरातली आपली फसलेली छायाचित्रे समोर घ्यावीत आणि प्रत्येकाचे कारण लिहून काढावे. डोळ्यांवरचा फोकस पुनःपुन्हा चुकला असेल, किंवा खटक्याच्या आवाजामुळे हात आवरावा लागला असेल, तर नव्या बॉडीसाठी केलेला खर्च सार्थकी लागेल. प्रकाश अपुरा पडला असेल, तर लेन्स घ्यावी. परंतु बहुसंख्य चित्रे चौकट चुकल्याने, उन्हाची वेळ साधता न आल्याने किंवा विषयाजवळ जाण्याचा संकोच वाटल्याने फसली असतील, तर जुनी बॉडी निःशंकपणे घ्यावी, आणि उरलेली रक्कम प्रवासावर व सरावावर खर्च करावी. कारण ही उणीव कोणत्याही सालची बॉडी भरून काढीत नाही, सराव मात्र निश्चितपणे भरून काढतो.