परक्या शहरी पान कोठे मांडावे?

शहापूरच्या घरातून कोणी मोठ्या शहराकडे निघाले, की त्याच्या हाती शिदोरी देण्याची रीत अद्याप मोडलेली नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि ज्यांच्याकडे उतरायचे त्यांच्यासाठी कुंद्याचा डबा, एवढे सामान पिशवीत पडल्यावाचून घरातील वडील मंडळींचे समाधान होत नाही. पण शिदोरी पुरते ती गाडीपुरती. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या अफाट शहराच्या रस्त्यावर उभे राहून, समोरच्या दहा पाट्यांपैकी कोणत्या पाटीखाली शिरावे, हा प्रश्न ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो.

सीमाभागातील आम्हा मराठी कुटुंबांना असे शहर एक नाही, तीन आहेत. सरकारी कामासाठी बंगळूर, मुलांच्या शिक्षणासाठी आणि सोयरिकीसाठी पुणे, आणि मोठ्या दुखण्यासाठी मुंबई. तिन्ही ठिकाणी आम्ही पाहुणेच. हौसेने, नटूनथटून, वाढदिवसाच्या निमित्ताने बाहेर जेवायला जाणाऱ्यांना आमच्या सल्ल्याची गरज नाही. तेथे एखादे वेळी निवड चुकली तर चार पैसे वाया जातात आणि हसण्यासारखी एक गोष्ट घरी येते. आम्हाला सांगायचे आहे ते गरजेच्या जेवणाविषयी. तेथे चूक महाग पडते, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या काकांना उपचारासाठी परळला न्यावे लागले. १९२६ साली सुरू झालेले केईएम आणि १९४१ साली सुरू झालेले टाटा ही दोन मोठी रुग्णालये तेथे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. त्या परिसरातील पदपथांवर गावोगावचे लोक फाइली उराशी धरून बसलेले असतात, आणि आपल्याकडची बोलीही तेथे कानी पडल्यावाचून राहत नाही. काकांच्या उशाशी काकू, आणि धावपळीला आम्ही, अशी आमची वाटणी होती. तिसऱ्या दिवशी रुग्णालयातून सुटका होईपर्यंत चार वाजून गेले. समोर एक हॉटेल दिसले. पाटी मराठी, तीवर गणपतीचे चित्र, खाली ‘घरगुती जेवण’ अशी अक्षरे. आत शुकशुकाट होता, पण दिवे झगझगीत होते. आपल्या माणसाचे हॉटेल म्हणून आम्ही निःशंकपणे आत गेलो. आमटी आली, भाजी आली, भात वाफाळता आला.

रात्री नऊच्या सुमारास काकूंना उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची महत्त्वाची तपासणी होती. काकूंना सलाईन लावलेले, आम्ही दोन इमारतींच्या मध्ये धावत होतो, आणि ज्या बाईचा हात धरल्यावाचून काका कोणत्याही यंत्राखाली जायला तयार नसत, तीच अंथरुणावर होती. तपासणी त्या दिवशी झाली नाही. पुढची तारीख आठ दिवसांनी मिळाली. ते आठ दिवस आम्ही कसे काढले, ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

पुढे एका डॉक्टरांनी आम्हाला कारण समजावून सांगितले. सकाळी शिजवलेला भात तासन्‌तास कोमट पडून राहिला, की त्यात एका जातीचे जंतू वाढतात आणि एक विष तयार करतात. भात पुन्हा तापवला म्हणजे वाफ येते, पण ते विष नाहीसे होत नाही. म्हणजे ज्या वाफेवर आम्ही विश्वास टाकला, तिने काहीच सिद्ध होत नव्हते. दोष हॉटेलाचा होता खरा. पण निवड आमची होती. आम्ही पाटी वाचली, पान पाहिले नाही.

पाटी वाचून हॉटेल ठरवण्याची सवय फार जुनी आहे. दादरचे मामा काणे यांचे प्रसिद्ध उपाहारगृह १९१० साली सुरू झाले, तेव्हा त्याचे नाव ‘दक्षिणी ब्राह्मणांचे स्वच्छ उपाहारगृह’ असे होते. त्या काळच्या गिऱ्हाइकाला हवी असलेली दोन्ही आश्वासने त्या नावात आली आहेत. रांधणाऱ्याची जात कोणती, हे कळल्यावाचून पुष्कळांच्या घशाखाली घास उतरत नसे. त्याच मुंबईत इराणी मंडळींनी नाक्यानाक्यावर संगमरवरी टेबले मांडली आणि पैसे देणाऱ्या कोणालाही चहा आणि ब्रून पाव दिला. धोबी तलावाजवळचे कयानी हे १९०४ सालचे. जातीची पाटी आता गेली, ते योग्यच झाले. पण ‘आपला’ हा शब्द पाहून पाऊल वळण्याची खोड मात्र आम्हा सर्वांत शिल्लक आहे. ‘स्वच्छ’ हा दुसरा शब्द तपासून पाहायचे मात्र आम्ही विसरलो.

काकू उठून बसल्यावर आम्ही रुग्णालयाजवळच्या एका औषधविक्रेत्याला विचारले, “येथे चांगले हॉटेल कोणते?” त्याने बोटाने कोपऱ्यावरचे मोठे हॉटेल दाखवले. मग काय सुचले कोण जाणे, आम्ही पुन्हा विचारले, “पण आपण स्वतः दुपारी कोठे जेवता?” तो हसला आणि म्हणाला, “मी होय? मी मागच्या चाळीत जेवतो.”

त्या चाळीतल्या खोलीला पाटीच नव्हती. एक पोक्त बाई आणि तिची सून, दोन बाकडी, एका वेळी आठ माणसे. पोळ्या, एक उसळ, आमटी, भात, आणि बुधवारी व शुक्रवारी हव्या त्याला मासळी. निवडायला काही नाही आणि दोन वाजल्यानंतर आलात तर मिळायलाही काही नाही, कारण भांडी रिकामी होऊन उपडी पडलेली. काकूंनी आत डोकावून पाहिले; कोणी अडवले नाही. पुढचे सारे दिवस आम्ही तेथेच जेवलो.

अशा खोल्यांमागे गिरणगावाचा मोठा इतिहास आहे. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार महिन्याच्या हिशेबाने अशाच बायकांकडे जेवत. पगार होईपर्यंत किराणा उधारीवर आणि भांडवल सावकाराचे, अशा फेऱ्यात या बायका सापडलेल्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि बँकेच्या कर्जाची वाट त्यांना मोकळी करून दिली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. तरी रोजच्या माणसाला रोज जेवू घालणारे हात त्या भागातून अगदीच नाहीसे झाले नाहीत. उद्या तोच माणूस पुन्हा समोर बसणार असतो, म्हणून आज त्याला शिळे वाढण्याची सोय नसते. आमच्या मते चांगल्या खाणावळीची खरी हमी ती हीच.

रविवारी त्या बाई चूल पेटवीत नसत. तेव्हा औषधविक्रेत्याच्याच सांगण्यावरून आम्ही परळहून लोकल धरून दादर सोडून पुढचे माटुंगा स्टेशन गाठले. माटुंगा हा उडपी खाणावळींचा आणि मद्रासी उपाहारगृहांचा जुना मुलूख. कॅफे मद्रास १९४० चे, आणि ए. रामा नायक यांचे श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. आम्ही ज्या खाणावळीत शिरलो तेथे केळीच्या पानांवर पंगती उठत होत्या. वाढपी भाताची परात घेऊन आला, तेव्हा घरच्या सवयीने आमच्या तोंडून निघून गेले, “स्वल्प हाकी.” तो थबकला. “याव ऊरु?” “बेळगाव, शहापूर.” म्हातारा कारकळकडचा होता. काकूंचा उतरलेला चेहरा पाहून त्याने चौकशी केली, सार दुसऱ्यांदा आणले, आणि निघताना आजाऱ्यासाठी मऊ भात निराळा बांधून आणून दिला. पैसे फक्त भाताचे घेतले.

पाटी कोणत्या भाषेत असावी, यावरून आमच्या गावात किती वर्षे काय काय झाले, ते या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. त्याविषयीची आमची मते आजही तीच आहेत. पण मराठी मुलखाच्या राजधानीत आम्हाला मराठी पाटीने फसवले, एका बिनपाटीच्या मराठी बाईने सावरले, आणि कानडी हाताने वाढले, हेही तितकेच खरे आहे. अन्नाच्या बाबतीत तरी पाटी हा पुरावा होऊ शकत नाही, एवढे आम्ही तेव्हापासून मानतो.

या अनुभवातून आम्ही जे शिकलो, ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट वेळेची. जेवण दुपारी साडेबारा ते दीडच्या दरम्यान घ्यावे. त्या वेळी अन्न नुकतेच चुलीवरून उतरलेले असते आणि गर्दीमुळे ते पातेल्यात पडून राहत नाही. वेळ टळलीच, तर पूर्ण ताट मागवू नये. समोर तव्यावर तयार होणारा डोसा, गरम इडली किंवा केळी आणि दूध यावर भागवावे.

दुसरी गोष्ट पदार्थांच्या यादीची. यादी जितकी लहान, तितके अन्न ताजे. एकाच छपराखाली पंजाबी, चिनी, गुजराती आणि मालवणी असे दीडदोनशे पदार्थ मिळत असतील, तर त्यांतील बरेचसे बर्फाच्या कपाटातून येणार, हे उघड आहे.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. आत शिरताच हात धुण्याच्या निमित्ताने मोरीपर्यंत जावे. टेबल पुसण्याचे फडके, पेले विसळण्याची बादली, वाढप्याची नखे, एवढे पाहिले तरी पुरे. बंगळूरच्या लालबाग रस्त्यावरील एमटीआर, म्हणजे १९२४ सालापासूनचे मावळ्ळी टिफिन रूम्स, येथे मालकांनी गिऱ्हाइकांना स्वयंपाकघरातून नेऊनच पानावर बसवण्याची पद्धत पाडली होती. सर्वांकडून ती अपेक्षा करता येणार नाही; पण आत डोकावताच ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्याच्याकडे न बसणे आपल्या हाती आहे.

चौथी गोष्ट कागदाची. २००६ सालचा अन्नसुरक्षा कायदा ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. त्याप्रमाणे परवाना दर्शनी भागात लावलेला हवा, आणि जानेवारी २०२२ पासून त्याचा चौदा आकडी क्रमांक बिलावरही छापावा लागतो. मोठ्या हॉटेलांत बिलात ‘सेवा शुल्क’ म्हणून आणखी एक रक्कम दिसते. ती आपोआप लावता येत नाही, अशी सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हा ती रक्कम काढून टाकण्यास निःसंकोच सांगावे. न ऐकल्यास १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. सरकारी कर मात्र निराळा. तो द्यावाच लागतो.

पाचवी गोष्ट बरोबरच्या माणसांची. मुंबईपुण्याच्या कित्येक नामांकित खाणावळी जिना चढून वर आहेत. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना घेऊन निघण्यापूर्वी तेवढे विचारून घ्यावे. पावसाळ्यात चिरलेली काकडी, कच्ची चटणी आणि बर्फ घातलेले ताक, कितीही मोह झाला तरी, टाळावे.

आता मुले मोबाईलवरील तारे मोजून हॉटेल ठरवतात. त्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. पुण्यात गेल्यावर आमची भाचरेही तसेच करतात, आणि पुष्कळदा ती आम्हाला चांगल्याच ठिकाणी नेतात. पण तारे देणारा बहुधा एकदा येऊन गेलेला पाहुणा असतो. आम्हाला साक्ष हवी ती रोज येणाऱ्याची. परिचारिका, टॅक्सीवाले, कचेरीतले कारकून, एकटे राहणारे वृद्ध, यांपैकी चारजण जेथे दर दुपारी दिसतात, तेथे डोळे मिटून बसावे.

आठ दिवसांनी काकांची तपासणी झाली, उपचार झाले, आणि पुढे दोघेही सुखरूप शहापूरला परतले. आजही गल्लीतले कोणी मुंबईला निघाले, की काकू दशम्यांचे गाठोडे हातात ठेवतात आणि उंबऱ्यापर्यंत येऊन बजावतात, “हे बघ, चांगलं हॉटेल कुठलं म्हणून कुणाला विचारू नकोस. तुम्ही स्वतः कुठं जेवता, असं विचार.”